चित्रबलाकांच्या शेजारी लग्न

परत आल्यावर दुकानात आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "काय, झाली का सहल? दिसले का पक्षी?" मी म्हटलं, "दिसले. आणि माणसंही दिसली." त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. घरी येऊन आठवडे उलटले तरी माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरायच्या आत हे लिहून काढायचं म्हणून बसले आहे. उतरल्यावर लिहायला घेतलं तर मी 'किती मोकळं आभाळ, किती प्रेमळ माणसं' असं काहीतरी लिहीन. तेही खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही.

माझं चिपळूणला औषधांचं दुकान आहे, आणि पक्षी बघायचा नाद आहे. शैला ही माझी पुण्यातल्या फार्मसी कॉलेजातली मैत्रीण. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. लग्न होऊन ती बारामतीला आली आणि पक्की तिथली झाली. तिलाही हल्ली पक्ष्यांचं वेड लागलंय. सकाळी सकाळी फोनवर धूसर फोटो येतो आणि खाली प्रश्न, 'हा कोण?' तर या शैलाच्या पुतणीचं, ऋतुजाचं, लग्न इंदापूरला ठरलं. शैला म्हणाली, "लग्नाला ये, पण दोन-तीन दिवस आधी ये. चैत्र आहे. गावातनं पक्षी बघत हिंडू."

मी गेले.

बारामती

कोकणातून आलेल्या माणसाला इथे आधी जाणवतो तो उजेड. आमच्याकडे ऊन झाडांतून गाळून येतं. इथे ते सरळ अंगावर येतं, सकाळी सातलाच. पण त्या उजेडात पक्षी असे काही दिसतात की बस. कालव्याच्या कडेने आम्ही चालायला लागलो तेव्हा कडुनिंब मोहरलेले होते आणि त्या कडवट-गोड वासात सगळा रस्ता बुडाला होता. तारांवर वेडे राघू ओळीने बसलेले. एकाने झेप घेतली, हवेतच माशी पकडली, पुन्हा आपल्या जागी येऊन ती तारेवर आपटली. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर नर. वसंतात त्याच्या अंगावर जो जांभळा-निळा रंग चढतो तो कुठल्याही पैठणीला जमलेला नाही. पिंपळाच्या कोवळ्या पालवीत हळद्या शिटी घालत होता आणि शैला मान वर करून "कुठाय, कुठाय" करत फिरत होती.

एका घराच्या कुंपणातून भारद्वाज बाहेर आला. काळा, तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा, सावकाराच्या चालीने. अंगण झाडणाऱ्या बाईने झाडू बगलेत धरून त्याला हात जोडले. शैलानेही जोडले. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे आमच्याकडेही मानतात. मला ते आवडलं.

तिथून वळून आम्ही बाजाराकडे आलो आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. एका दुकानांच्या इमारतीसमोर चांगली जुनी झाडं होती. प्रत्येकाच्या बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंट. पाणी मुरायला वीतभर माती ठेवलेली नाही. खोडाला खिळे ठोकून रोषणाईच्या माळा गुंडाळलेल्या, त्या दिवसासुद्धा चालूच. एका फांदीवर होल्यांची जोडी घरटं बांधत होती, काडी तिथे अडकवायची तर मध्ये वायर. मादी पुन्हा पुन्हा तीच काडी त्याच जागी ठेवत होती आणि ती पुन्हा पुन्हा खाली पडत होती.

"शोभेला लावलंय," शैला म्हणाली.

"झाडाला शोभा कमी पडली होती का?"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? मी लावलंय का?"

हे वाक्य लक्षात ठेवावं असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

पुढच्या आळीत एका बंगल्याच्या दारात गुलमोहराची वाळकी फांदी होती आणि तिच्यात गोल, सुबक भोक. त्या भोकातून तांबटाने डोकं बाहेर काढलं. कपाळ लाल, गळा पिवळा, चोचीभोवती मिशा. मी दुर्बीण लावली. तेवढ्यात बंगल्यातून बनियनवर एक गृहस्थ बाहेर आले.

"ओ ताई, घराकडं काय बघताय?"

"तांबट बघतेय."

"हितं कुणी तांबट राहत न्हाय. जाधवांचं घर हाय हे."

शैला हसून हसून वाकली. मी त्यांना दुर्बीण दिली आणि भोक दाखवलं. गृहस्थांचा चेहरा खुलला. "व्हय की! कपाळाला कुंकू लावल्यागत हाय की वो. मंजी दिवसभर ते ठुक-ठुक, ठुक-ठुक करतंय ते हेच व्हय?"

"हेच."

"वैताग आणलाय. आज ती फांदीच काढून टाकतो."

मी त्याला पक्षी दाखवला आणि त्याने मला कोयता दाखवला. शैला मात्र पटकन पुढे झाली. "अहो, असं करू नका. तांबटाने दारात घर केलं की लक्ष्मी येते म्हणतात."

"असं का?"

"मग! आमच्या दिरांकडे असंच झालं."

गृहस्थांनी फांदीकडे पुन्हा पाहिलं, या वेळी आदराने. "मग राहू द्या," म्हणाले, आणि आम्हाला चहाला आत बोलावलं. आम्ही चहा घेतला, चांगला होता. कोकणात अनोळखी बाई दारात उभी राहिली तर आम्ही पडद्याआडून बघतो, विचारत नाही. इथे सरळ विचारतात, "कुणाकडं आलाय?" आणि उत्तर मिळायच्या आत पाणी येतं.

बाहेर पडल्यावर शैला आपल्या हजरजबाबीपणावर खूश होती. मी नव्हते. "लक्ष्मी आणली नाही तर त्या पक्ष्याला स्वतःच्या घरात राहायचा हक्क नाही का?" मी म्हटलं.

"फांदी वाचली ना? मग झालं तर," शैला म्हणाली.

कऱ्हेवर गेलो. नदी अशी नव्हतीच, डबकी होती, आणि त्यात फेस. त्या फेसात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उभ्या होत्या, घाणीत पाय पडू नये म्हणून साडी वर धरलेल्या बायकांसारख्या. एक खंड्या पाण्याकाठी अडकलेल्या थर्माकोलच्या तुटक्या कमानीवर बसला होता. कमानीवर 'शुभविवाह' अशी अर्धी अक्षरं शिल्लक होती. निळा पक्षी, पांढरी कमान, कुणी फोटो काढला असता तर सुंदर आला असता. मी काढला नाही.

निमगाव केतकी

दुसऱ्या दिवशी शैलाच्या दिरांकडे निमगाव केतकीला गेलो. तानाजीराव हे नवरीचे वडील. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात. उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांचा पानमळा आहे. बाहेर रखरखीत ऊन आणि मळ्यात शिरलं की अंधारं, गार, ओलं. वेली शेवग्याच्या आणि पांगाऱ्याच्या खोडांवर चढवलेल्या. मला एकदम घरी आल्यासारखं झालं, आमच्या सुपारीच्या बागेत आल्यासारखं. पांगाऱ्याला उशिरापर्यंत राहिलेली लालभडक फुलं होती आणि त्यांच्यावर भोरड्यांची झुंबड. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि प्रत्येकीचं तोंड परागांनी माखलेलं. आता ही पाखरं लांब उत्तरेला निघायची. त्याआधीची ही पंगत.

माणसांची पंगतही उत्तम होती. ज्वारीच्या भाकरी, भरलं वांगं, मटकी, आणि शेंगदाण्याची अशी चटणी की कोकणातल्या माणसाने आपलं खोबरं विसरावं. मी तिसरी भाकरी मागितली तेव्हा आबा पहिल्यांदा हसले. "आमाला वाटलं, भातखाऊ माणूस. भाकरी कशी जायाची?"

ऋतुजा हातावर मेंदी घेऊन बसली होती. ती दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते, बोलायला स्पष्ट. मेंदी ओली, म्हणून मीच तिच्या डोळ्यांना दुर्बीण लावून धरली. संध्याकाळी भोरड्या थव्याने आल्या. हजारो असतील. आभाळात धूर वळावा तसा तो थवा वळायचा, घट्ट व्हायचा, सांडायचा. थवा वळेल तशी ती मान वळवत होती. मग म्हणाली, "काकू, उद्याच्या हॉलशेजारी चिंचा हायत. त्यांच्यावर मोठाली पाखरं असत्यात. मामाकडं जाताना आमी एसटीतनं बघायचो. तुमाला आवडतील."

इंदापूर

त्याच संध्याकाळी, अंधार पडता पडता, आम्ही बायका लग्नाच्या कार्यालयावर मुक्कामाला गेलो. शैला आल्याबरोबर कामाला लागली. तानाजीरावांची बायको तब्येतीने नाजूक, त्यामुळे लग्नाची सगळी सूत्रं शैलाच्या हातात होती. मी मदत करायला गेले की म्हणायची, "तू पाहुणी आहेस, बस."

सकाळी उजाडताना मी दुर्बीण घेऊन बाहेर पडले. इंदापूर मला बारामतीपेक्षा जास्त आवडलं. अरुंद आळ्या, मातीच्या गढीच्या बाजूची जुनी भिंत, आणि भिंतीच्या भेगेत पिंगळ्यांची जोडी. दोघे मान खालीवर करून माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्यांच्या पाहणीला आले आहे. वर पाकोळ्या चिरक्या आवाजात आभाळ कापत होत्या. बंद दुकानांच्या शटरवरच्या पोकळ्यांत चिमण्या. एका घराच्या दारावर अजून पाडव्याची कडुनिंबाची डहाळी सुकून लटकत होती आणि तिची काडी ओढायला एक चिमणा आपलं सगळं वजन पणाला लावत होता.

अशी फिरत मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला आले आणि थांबले.

तीन-चार थोरल्या चिंचा, कोवळ्या पालवीच्या. आणि प्रत्येकीवर, शेंड्यापासून खालच्या फांद्यांपर्यंत, चित्रबलाक. माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढा पक्षी. पांढरं अंग, पंखांवर आणि छातीवर काळी नक्षी, शेपटीजवळ गुलाबी पिसं. लांब पिवळी चोच, टोकाला किंचित वाकलेली. आणि तोंड शेंदरी. त्यांना आवाज नसतो. जोडीदार घरट्यावर आला की दोघं चोची आपटतात, लाकडावर लाकूड वाजल्यासारख्या. पिल्लांना मात्र भरपूर आवाज. सगळं झाड भुकेने ओरडत होतं. एक मोठा पक्षी उजनी धरणाच्या बाजूने उडत आला, घरट्यात मान घातली आणि मासे ओकले. दुसऱ्याने चोचीत भरून पाणी आणलं आणि ते पिल्लांच्या अंगावर, तोंडात, धार धरून सोडलं. हे मी फक्त वाचलं होतं. गावाच्या मध्यात, एका पिठाच्या गिरणीच्या दारात उभी राहून मी ते बघत होते.

वास होता. खोटं कशाला सांगू? कुजक्या मासळीचा, डोक्यात जाणारा वास होता. खाली सगळं पांढरं झालेलं.

"बसा की," गिरणीवाल्या बाई म्हणाल्या. ताराबाई त्यांचं नाव. पन्नाशीच्या, पिठाने भुवया पांढऱ्या झालेल्या. "करकोचं बगाया आलाय व्हय?"

"तुम्हाला त्रास होत नाही का यांचा?"

"व्हतो की. कापडं वाळत घालाया येत न्हाईत. पर काय करायचं? आमी मूळची मेंढरंवाली माणसं. सासऱ्यानं मेंढरं इकून गिरणी टाकली. वास आमाला नवा न्हाय." मग वर बघून म्हणाल्या, "अन् लेकुरवाळ्याला कसं हाकलायचं?"

आम्ही दोघी पायरीवर बसलो. त्यांनी चहा दिला. मला वाटत होतं, या एका सकाळसाठी आल्याचं सार्थक झालं.

तेवढ्यात कार्यालयाच्या मागच्या दाराने दोन माणसं आली. एकाच्या हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला फटाक्यांची लड बांधलेली. दुसऱ्याच्या हातात सुतळी बाँब. काय चाललंय ते कळून मी उठेपर्यंत त्यांनी लड पेटवून फांद्यांत खुपसली होती.

त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. सगळे पक्षी एकदम उठले. आभाळ पांढरं-काळं झालं. पंखांच्या झटक्याने काटक्या, पालवी, घरट्यांचे तुकडे खाली आले. आणि पिल्लं. एक पत्र्याच्या शेडवर आपटलं. एक माझ्यापासून चार हातांवर पडलं, धप्प, पाण्याने भरलेली पिशवी पडावी तसं. धूर विरायच्या आत कावळे आले. ते वाटच बघत असणार. खालच्या फांदीवरच्या घरट्यात कावळा उतरला आणि अंडं घेऊन उडाला. दुसरा उतरला. घार आली. वर आईबाप गोल गोल फिरत होते, मुके.

त्या माणसाने दुसरा बाँब काढला.

मी आयुष्यात कुणाच्या अंगावर धावून गेले नव्हते. गेले. त्याच्या हातातली काडेपेटी हिसकली. काय काय बोलले ते मला आठवत नाही. ताराबाई मागून म्हणाल्या, "हाणा चांगलं!" एवढं आठवतंय.

"आमाला मालकानं सांगितलंय," तो घाबरून म्हणाला.

मालक दारातच होते. बाळासाहेब. पांढरे कपडे, हातात फोन, आवाज शांत. त्या शांत आवाजाने माझा राग आणखी चढला.

"मॅडम, तुमी पाव्हण्या. आज बगाल, फोटो काढाल, उद्या कोकणात जाल. मला हितं धंदा करायचाय. वरनं मासा पडतो, थेट पानात. मागच्या लग्नात नवरीच्या शालूवर घाण पडली. माणसं दुसरा हॉल बगत्यात. मी काय करू?"

मी म्हटलं, "पिल्लं उडून जाईपर्यंत मागच्या अंगणात मांडव घालू नका. पुढे जागा आहे. घरट्यातल्या पिल्लांवर बाँब टाकणं कायद्याने गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"कायदा मला सांगू नका," ते म्हणाले. "अन् मी माझ्या मनानं न्हाय केलं. तुमच्याच माणसांनी सांगितलं."

"कुणी?"

"त्या बारामतीच्या ताई. शैलाताई. काल सांजच्याला."

मी जिना चढून वर गेले. नवरीच्या खोलीत साड्या, गजरे, डबे, बायकांची गर्दी. ऋतुजाचे केस अर्धे विंचरलेले. शैला नवऱ्याकडच्या, यादवांच्या, कुणा बाईला हळदीकुंकवाचं तबक देत होती.

"तू सांगितलंस?" मी विचारलं.

तिला कळलं. बाहेरचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. "मी 'बाँब लावा' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, पक्ष्यांचं काहीतरी बघा."

"तो काय बघणार होता? त्यांना चहा देणार होता?"

"हळू बोल."

"खाली पिल्लं मरून पडली आहेत, शैला. कावळे अंडी खातायत. परवा तू तांबटासाठी खोटं बोललीस ना? आज त्या जाधवात आणि तुझ्यात काय फरक?"

शैलाचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. ती माझ्याजवळ आली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "तुला पिल्लं दिसतात. मला एक पोरगी दिसते. नवऱ्याकडची माणसं नाक मुरडायला टपून बसलीयेत. त्यांच्या फेट्यावर घाण पडली तर आयुष्यभर हिला ऐकवतील, तुमच्या लग्नात असं झालं, तुमच्या लग्नात तसं झालं. तू उद्या जाशील. ही तिथे राहणार आहे."

तेही खरं होतं, आणि त्याचाही मला राग आला. नवऱ्याच्या कुठल्या तरी मामाच्या फेट्यासाठी मुलीने जन्मभर घाबरायचं, आणि ती घाबरू नये म्हणून झाडावरची घरटी उडवायची!

"काकू," ऋतुजा म्हणाली. आरशातून ती आमच्याकडे बघत होती. "पिल्लं पडली?"

ती उठली, केस तसेच, आणि मागच्या गच्चीत गेली. तिथून चिंचा समोर दिसतात. काही पक्षी परत येऊन घरट्यांच्या कडेवर उतरत होते, काही अजून घिरट्या घालत होते. खाली ताराबाई एक जिवंत पिल्लू पाटीत ठेवून त्याच्यावर फडकं धरून उभ्या होत्या. ऋतुजा आत आली आणि तिने नवऱ्या मुलाला फोन लावला.

"अभिजित, वरातीत फटाकं आणलेत का?"

पलीकडून काहीतरी आलं.

"मग ते तिकडंच ठेवायचं. हॉलच्या वळणापासनं पुढं बँड बी नको. का म्हंजे? हितं पिल्लं हायत झाडावर... तुमचं मामा ऐकणार न्हाईत? मग त्या मामांना सांग, फटाकं आलं तर मांडवात नवरी येणार न्हाय."

खोलीत कुणाच्या हातातली वाटी पडली. दारात तानाजीराव उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"ऋतुजा, असं बोलू नये," ते म्हणाले.

"बोलले, आबा."

त्यांनी डोक्यावरचा फेटा नीट केला आणि ते खाली गेले.

वरात आली तेव्हा मी गिरणीपाशी होते. तानाजीराव वळणावर रस्त्याच्या मधोमध उभे होते. बँड जवळ आला, मागे घोडा, पुढे नाचणारी मंडळी, आणि सगळ्यांच्या पुढे लाल फेट्याचे नवऱ्याचे मामा. एका पोत्यात फटाके होतेच. तानाजीरावांनी हात जोडले.

"पाव्हणं, हितनं म्होरं फटाका न्हाय. बँड बी हितंच थांबवा. एवढं ऐका."

"पाखरापायी?" मामा म्हणाले. "पाखरापायी आमची वरात मुकी?"

"हात जोडतो."

हे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी रागाचं होतं. जे योग्य आहे ते करायलासुद्धा मुलीच्या बापाला हात जोडावे लागतात. ज्याने हात जोडायचे तो पोत्यावर हात ठेवून उभा.

गल्लीच्या तोंडाशी ताराबाई खराटा घेऊन उभ्या राहिल्या. "लाव की रं," त्या फटाकेवाल्याला म्हणाल्या. "लाव. बगती कसा लावतोस ते."

शेवटी अभिजित घोड्यावरून उतरला. मोजड्यांना धूळ लागेल म्हणून कुणीतरी ओरडलं, त्याने लक्ष दिलं नाही. "मामा, चला," तो म्हणाला आणि सासऱ्याबरोबर चालायला लागला. वरातीला काय करावं कळेना. मग तीही चालायला लागली. नुसत्या पायांचा आवाज, आणि एक सनईवाला बिचकत बिचकत वाजवणारा. मी पाहिलेली सगळ्यात देखणी वरात होती ती.

मंगलाष्टकं चालू असताना मी मांडवाच्या कडेला उभी होते. भर दुपारच्या उन्हात वर एक चित्रबलाक पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभा होता. अक्षता पडत होत्या. आणि वरून, अगदी 'सावधान'च्या वेळी, मामांच्या खांद्यावर जे पडायचं ते पडलं. मामांनी रुमालाने पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते मीच टाकलं होतं. मला अतोनात आनंद झाला. तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

पण तो आनंद टिकला नाही. पंगतीतून मी लवकर उठले. खालच्या फांद्यांवरच्या घरट्यांत कुणी परत आलं नव्हतं. मेलेली पिल्लं ताराबाईंनी गिरणीमागे पुरली. जिवंत पिल्लाचा पाय सुजला होता. मी औषधं जाणते, पण पक्ष्यांचं मला काय कळतं? वनखात्याला फोन केला, वनरक्षक आले आणि नारळाच्या खोक्यात घालून त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाले, "नाही राहिलं, मॅडम."

परत

इंदापूरहून बारामतीपर्यंत आम्ही शैलाच्या गाडीतून आलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मध्ये विजेच्या तारांवर कोतवाल आणि नीलपंख. एरवी शैला प्रत्येकाला "हा कोण?" म्हणाली असती.

स्टँडवर ती मला सोडायला आली. बस लागलेली होती.

"तू माझ्या पुतणीच्या लग्नात तमाशा केलास," ती म्हणाली.

"हो."

"मी विसरणार नाही."

"मीही नाही," मी म्हटलं.

तिने माझ्या हातात शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा दिला. बसायच्या आधी एकमेकींना मिठी मारायची आमची रीत आहे. ती झाली नाही. घाट उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. आमची हिरवी, दाट, झाकलेली झाडं आली, पण तेव्हाही बरं वाटलं नाही. आमच्याकडे काय कमी तोडतात? एवढंच की आमच्या दाट झाडीत ते पटकन दिसत नाही.

नंतर बरेच दिवस शैलाचा फोन नाही, फोटो नाही. मीही केला नाही. हट्ट दोघींचाही.

मग परवा भर दुपारी, दुकानात असताना, तिचा फोन आला.

"मी इंदापूरला आलेय," ती म्हणाली. "ताराबाईंच्या गिरणीत."

"कशाला?"

"माहीत नाही. ऋतुजाकडे जायचं म्हणून निघाले आणि मध्येच उतरले. ती पिल्लं डोळ्यांपुढून जात नव्हती." मग घाईने, "ऐक. तुझ्यावर अजून चिडलेली आहे मी. पण तो बाळासाहेब माणसं घेऊन आलाय. कोयते, दोर. खालच्या-मधल्या फांद्या काढणार म्हणतोय. वर पिल्लं आहेत अजून, पंख फुटलेली, पण उडता येत नाही. वनखात्याला फोन केलाय, ते निघालेत. एक जण झाडावर चढलासुद्धा. तोवर मी काय करू?"

"ओरड," मी म्हटलं.

"काय?"

"ओरड, शैला. जेवढं ओरडता येईल तेवढं ओरड. आळी गोळा कर."

तिने फोन बंद केला नाही. आधी ताराबाईंचा आवाज आला, मग गिरणीचा पट्टा थांबल्याचा, आणि मग शैलाचा. मी इतक्या वर्षांत तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. "ए! खाली उतर! खाली उतर म्हणते ना! पिल्लं आहेत वर, दिसत नाहीत का? ओ, बाहेर या सगळे, बघा काय चाललंय! उतर आधी!"

समोर गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन उभं होतं. मी त्याला हाताने थांबायची खूण केली आणि फोन कानाला घट्ट धरला. तिकडे दारं उघडत होती, माणसं बोलत होती, कुणीतरी बाळासाहेबांना काहीतरी विचारत होतं, आणि त्या सगळ्यावर शैला. बराच वेळ. मग उंचावरून एका माणसाचा वैतागलेला आवाज आला.

"उतरतो की बाई. वरडू नका."

"ओरडणार!" शैला म्हणाली.